जपानी धातुकोरीवकामाचे पहिले धडे : तांब्यावर चंद्र आणि गवत

जपानमध्ये धातुकामाच्या तीन शाखा मानल्या जातात. धातू ठोकून आकार देणे म्हणजे तानकिन, वितळवून साच्यात ओतणे म्हणजे चूकिन, आणि तयार पृष्ठभागावर छिन्नीने कोरून, ठसे उमटवून किंवा एका धातूत दुसरा धातू बसवून नक्षी करणे म्हणजे चोकिन. पुण्याच्या तांबट आळीतले मठारकाम ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला तानकिन वेगळे समजावून सांगावे लागत नाही. चोकिनची गोष्ट मात्र वेगळी आहे. आपल्याकडच्या सोनाराची कोरणी आणि कासाराची छिन्नी दोन्ही त्यात ओळखीच्या वाटतात, पण काम करण्याचा विचार निराळा असतो. तो विचार हाताने समजावा म्हणून या लेखात अनेक तंत्रांची जुजबी ओळख करून देण्याऐवजी एकच लहान वस्तू आरंभापासून अखेरपर्यंत करायची आहे : सुमारे ८ सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर रुंद तांब्याची पाटी, तिच्यावर बसवलेला चांदीचा पूर्ण चंद्र, आणि त्या चंद्रावरून वाकून गेलेली सुसुकी गवताची पाच-सहा पाती.

हा विषय जपानी चित्रकलेत आणि कारागिरीत फार जुना आहे. चांद्र पंचांगातल्या आठव्या महिन्याच्या पंधराव्या रात्री तेथे चंद्रदर्शनाचा सोहळा असतो आणि त्या वेळी सुसुकीचे तुरे मांडून ठेवतात. ही रात्र कधी आपल्या कोजागरीच्या महिनाभर आधी येते, तर कधी, २०२५ साली झाले तसे, कोजागरीच्याच दिवशी येते. नवशिक्यासाठी या विषयाची निवड केवळ सौंदर्यासाठी केलेली नाही. चंद्रामुळे जडाव शिकता येतो, पात्यांमुळे रेघ शिकता येते, आणि शेवटच्या रंगकामात दोन धातू एकमेकांपासून कसे वेगळे होतात ते डोळ्यांसमोर दिसते.

हातोडी उचलण्याआधी

जपानी कोरीवकामात रंग वरून लावायचा नसतो. तो धातूतच असतो आणि शेवटी रसायनांच्या पाण्यात दिलेल्या उकळीत बाहेर येतो. त्यामुळे कोणता भाग कोणत्या धातूचा, हे ठरले म्हणजे रंग ठरला, आणि हा निर्णय पहिल्या ठोक्याच्या आधी घ्यावा लागतो. जुन्या कारागिरांची रंगपेटी म्हणजे त्यांच्या मिश्रधातूंची पेटी होती. तांब्यात साधारण ३ ते ५ टक्के सोने मिसळले की शाकुदो होतो. तो दिसायला तांब्यासारखाच असतो, पण रंगाच्या उकळीतून निघाला की निळसर-जांभळी झाक असलेला गडद काळा होतो. जपानी भाषेत कावळ्याच्या ओल्या पंखाचा रंग असे म्हणतात, तो हाच. शिबुइची या शब्दाचा अर्थ ‘एक चतुर्थांश’ : तीन भाग तांबे आणि एक भाग चांदी हे त्याचे मूळ प्रमाण, आणि त्यातून पावसाळी आभाळासारखा करडा रंग मिळतो. सोने आणि शुद्ध चांदी त्या उकळीत जवळजवळ बदलत नाहीत. तांबे विटकरी-तपकिरी होते. आपल्या पाटीवर तांबे आणि चांदी एवढेच दोन रंग आहेत आणि सुरुवातीला तेवढे पुरेत. शाकुदो करून पाहण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु तो ओतण्याची पद्धत, म्हणजे गरम पाण्याखाली कापडाच्या साच्यात वितळलेला धातू सोडणे, घरच्या माळ्यावर करण्यासारखी नाही.

दुसरी गोष्ट रेघेची. या कलेचा मोठा काळ तलवारीच्या साजाशी बांधलेला आहे. तलवारीची गोल मूठढाल म्हणजे त्सुबा, मुठीवरची मेनुकी नावाची लहान आभूषणे, म्यानाला लावलेल्या छोट्या चाकूची मूठ म्हणजे कोझुका, या सगळ्यांवर नक्षी होत असे. गोतो युजो (१४४०–१५१२) याने आशिकागा शोगुनांच्या, म्हणजे त्या काळच्या लष्करी सत्ताधीशांच्या, आश्रयाने जे घराणे उभे केले ते पुढे सतरा पिढ्या चालले. त्या घराण्याच्या रीतीच्या, शाकुदोवर माशाच्या अंड्यांसारखी बारीक पोत आणि तिच्यावर सोन्याचा उठाव अशा कामाला ‘घरचे कोरीव’ असे नाव पडले. त्या चौकटीतून बाहेर पडून एदो (आजचे तोक्यो) शहरातल्या गिऱ्हाइकांसाठी स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांमध्ये योकोया सोमिन (१६७०–१७३३) अग्रणी होता, आणि या प्रवाहाला ‘गावचे कोरीव’ म्हणतात. सोमिनने काताकिरीबोरी ही पद्धत पुढे आणली. हानाबुसा इच्चो या चित्रकाराची शाईची रेखाटने समोर ठेवून तो कुंचल्याचा फटकारा छिन्नीने धातूत उतरवीत असे. कुंचला टेकला की रेघ बारीक असते, दाब वाढला की ती रुंदावते, उचलला की निमुळती होते. काताकिरीची रेघ नेमकी तशीच वागते. म्हणून पाटीवर काम करण्याआधी आठवडाभर तरी साध्या कागदावर कुंचल्याने गवताची पाती काढावीत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ज्याचा हात कागदावर अडखळतो तो तांब्यावर हमखास अडखळतो, आणि तेथे खोडण्याची सोय नसते.

साहित्य आणि छिन्न्या

तांब्याचा पत्रा १४ गेजचा, म्हणजे सुमारे २ मिलिमीटर जाड घ्यावा. त्याहून पातळ पत्र्यात जडावासाठी खोली मिळत नाही. दुकानातून आणलेला पत्रा बहुधा थोडा कडक असतो, आणि तो तसाच ठेवावा. तांबे तापवून नरम केले की ते छिन्नीच्या टोकाला चिकटते आणि रेघेच्या कडा फाटतात. चांदी मात्र शुद्ध, ९९९ची, १ मिलिमीटर जाडीची हवी. सराफाकडे दागिन्यांसाठी मिळणारी मिश्र चांदी या कामाला कडक पडते.

पत्रा धरून ठेवण्यासाठी जपानी कारागीर यानिदाई वापरतात : लाकडी ठोकळ्यावर ओतलेला राळेच्या मिश्रणाचा थर. आपले नक्षीकाम करणारे कारागीरही उठावकामासाठी राळ, विटेची पूड आणि तेल यांचेच मिश्रण वापरतात, त्यामुळे ही वस्तू येथे परकी नाही. राळ आणि चाळलेली विटेची पूड समान वजनाने घेऊन आरंभ करावा आणि मोहरीचे तेल थोडे थोडे घालावे. पाण्यात टाकलेला थेंब थंड झाल्यावर नखाने किंचित दबला पाहिजे, तुटता कामा नये. हिवाळ्यात तेल थोडे वाढवावे आणि एप्रिल-मेमध्ये कमी करावे, नाहीतर दुपारी पत्रा आपोआप सरकू लागतो. राळ पटकन पेट घेते. म्हणून ती उघड्या ज्योतीवर न ठेवता विजेच्या शेगडीवर मंद आचेने, खिडकी उघडी ठेवून वितळवावी, जवळ वाळूची बादली ठेवावी, आणि मिश्रण कधीही उतू जाईल इतके तापवू नये.

आता छिन्न्या. जपानी छिन्नीला तागाने म्हणतात, आणि ती ज्याची त्याने घडवायची असते. एखाद्या जुन्या कारागिराकडे शेकडो तागाने असतात आणि त्यांतल्या बऱ्याच एकाच कामासाठी केलेल्या असतात. ही परंपरेची ऐट नाही. टोकाचा कोन बदलला की रेघेचा स्वभाव बदलतो, आणि तो कोन आपल्या हाताच्या सवयीशी जुळवण्याचे काम दुकानदार करून देऊ शकत नाही. आपल्याला चार पुरतील : एक केबोरीची, म्हणजे केसासारख्या बारीक रेघेची, एक काताकिरीची, एक सपाट टोकाची, जी खड्डा साफ करील, आणि एक बोथट गुळगुळीत ठोकणी, जिने चांदी दाबून बसवता येईल.

६ मिलिमीटर जाडीची, हत्यारांसाठी असलेल्या पोलादाची सळई सुमारे १० सेंटिमीटर लांब कापावी. केबोरीच्या छिन्नीचे टोक खालून होडीच्या तळासारखे, दोन उतार एका धारेत मिळतील असे घासावे आणि पुढचा चेहरा तिरका कापावा. काताकिरीच्या छिन्नीची धार सरळ, लहान आणि एका बाजूला कललेली असते. आकार कानशीने देऊन झाला की टोकाचा दीड सेंटिमीटर भाग लालभडक तापवावा. चुंबक चिकटेनासा झाला की तापमान पुरेसे झाले असे समजून तो तेलात बुडवावा. या वेळी टोक काचेसारखे कडक आणि तितकेच ठिसूळ असते. म्हणून ते घासून चकचकीत करावे आणि सळईचा मधला भाग हलक्या आचेवर तापवावा. रंग मधून टोकाकडे सरकताना दिसतात : आधी फिकट पिवळा, मग गवताच्या काडीसारखा, मग तपकिरी. टोकाला काडीचा रंग आला की लगेच पाण्यात सोडावे. कारागीर यालाच पाणी देणे म्हणतात. माझ्या पहिल्या छिन्नीला मी ही दुसरी पायरी घाईत उरकली आणि तिसऱ्या ठोक्याला टोक उडून भिंतीवर आदळले. तेव्हापासून चष्मा घातल्याशिवाय मी हातोडी उचलत नाही. ज्या टोकावर हातोडी पडते ते मात्र कधीही कडक करू नये, कारण त्याचे टवके उडतात.

हातोडी १०० ग्रॅमच्या आसपास असावी आणि दांडा बारीक, किंचित लवचिक असावा. जपानी कोरीवकामाच्या पसरट तोंडाच्या हातोडीला ओताफुकु-झुची म्हणतात. ती नसेल तर सोनाराची हलकी हातोडी चालते.

रेघा, केवळ रेघा

पाश्चात्त्य कोरणी तळहाताने पुढे ढकलतात, तर जपानी तागाने हातोडीने चालवतात. हा फरक कळला की सरावाची दिशा कळते, कारण येथे ताकदीला काही काम नाही. छिन्नी डाव्या हाताचा अंगठा आणि पहिली दोन बोटे यांत धरावी, उरलेली बोटे पत्र्यावर टेकवावीत, आणि उजव्या मनगटाने लहान, सारखे, जलद ठोके द्यावेत. एका सेंटिमीटरच्या रेघेला दोन जोरदार ठोक्यांपेक्षा वीस हलके ठोके केव्हाही चांगले. सुरुवातीला छिन्नी थोडी उभी धरावी म्हणजे टोक धातूत रुतते, आणि रुतताच तिला आडवी करावी. त्यानंतर तीच उंची कायम ठेवायची असते. छिन्नी उभी होत गेली तर ती खोल घुसते आणि अडकते, फार आडवी झाली तर वर येऊन पत्र्यावरून घसरते आणि एक लांब ओरखडा ठेवून जाते. हा ओरखडा प्रत्येक शिकाऱ्याच्या पहिल्या पत्र्यावर असतो.

सरावाच्या पत्र्यावर आधी २ मिलिमीटर अंतराने सरळ रेघा, मग लांब वळणे, मग एकमेकांत न मिसळता जवळून जाणाऱ्या लाटा कोराव्यात. वळणावर छिन्नी वळवण्याबरोबर यानिदाईही फिरवावी, यानिदाई वाळूने भरलेल्या चामडी गादीवर ठेवली की ती सहज फिरते. टोकाला तेलाचा थेंब लावावा. कापलेल्या रेघेच्या भिंती चमकल्या तर धार ठीक आहे, त्या मातकट, ओरबाडल्यासारख्या दिसल्या तर पुढे जाऊ नये, सहाणेवर छिन्नी घासून परत यावे. एका बैठकीत आठ-दहा वेळा धार लावावी लागली तर त्यात काही चूक आहे असे समजू नये.

केबोरी हातात बसली की काताकिरी घ्यावी. येथे छिन्नी एका बाजूला कलती धरायची असते, त्यामुळे रेघेची एक भिंत जवळजवळ उभी राहते आणि दुसरी लांब उताराची होते. उजेड त्या उतारावर पडतो आणि उथळ खाच असूनही पाते गोलाईदार दिसते. कलणे वाढवले की रेघ रुंदावते, कमी केले की निमुळती होते, आणि हे एकाच प्रवासात, न थांबता करायचे असते. मध्ये थांबून पुन्हा सुरू केलेल्या पात्यात गाठ दिसते. तिसरीही एक रेघ आहे, केरीबोरी, जिच्यात छिन्नी पुढे लाथाडल्यासारखी टेकवत नेऊन पाचरीसारख्या लहान त्रिकोणांची ओळ उमटवतात. प्राचीन बौद्ध मंदिरांतल्या सोनेरी मुलाम्याच्या साजावर ती पुष्कळ दिसते. आपल्या पाटीत तिला जागा नाही, पण सरावासाठी ती फार उपयोगी पडते, कारण ठोक्यांमधले अंतर असमान झाले की ती लगेच चुगली करते.

नानाको म्हणजे माशाच्या अंड्यांची पोत येथे मुद्दाम वगळली आहे. पोकळ टोकाच्या ठोकणीने एकेक दाणा रांगेत उमटवायचा असतो, आणि एक दाणा रांगेबाहेर गेला तरी डोळा तेथेच जातो. जपानमध्ये फक्त हेच काम करणारे वेगळे कारागीर होते, यावरून त्याची अवघडता लक्षात यावी.

चंद्र बसवणे

पाटीवर आधी चंद्र बसवायचा, गवत नंतर कोरायचे, कारण पाती चंद्रावरून जाणार आहेत. एका धातूत दुसरा धातू बसवण्याला झोगान म्हणतात. पृष्ठभागाशी सपाट राहणारे ते हिराझोगान, उठाव ठेवलेले ते ताकाझोगान, आणि लोखंडावर बारीक जाळीसारख्या आडव्या-उभ्या खाचा पाडून त्यांवर सोन्या-चांदीचा पातळ वर्ख दाबून बसवला तर ते नुनोमेझोगान. शेवटच्या प्रकाराचे आपल्याकडच्या कोफ्तगिरीशी, म्हणजे पोलादावरच्या सोन्या-चांदीच्या जडावाशी, असलेले साम्य कोणाच्याही लक्षात येईल. महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या बीदरचे बिदरीकाम ज्यांनी पाहिले आहे त्यांना हिराझोगान त्याचा भाऊ वाटेल. खाच कोरणे, चांदी ठोकून बसवणे, घासून सपाट करणे हा क्रम दोन्हींत सारखाच आहे. बिदरीत मात्र जमीन जस्ताच्या मिश्रधातूची असते आणि ती बीदरच्या किल्ल्यातल्या मातीने काळी होते.

पत्रा यानिदाईवर गरम राळेत दाबून बसवावा आणि राळ पूर्ण थंड होऊ द्यावी. पृष्ठभागावर पांढऱ्या पोस्टर रंगाचा पातळ हात द्यावा, वाळल्यावर चित्र उतरवून सुईने हलके गिरवावे. चंद्राचा व्यास १२ मिलिमीटर ठेवावा. वर्तुळाची कड केबोरीने कोरून घ्यावी, मग सपाट छिन्नीने आतले तांबे थराथराने काढीत सुमारे ०.७ मिलिमीटर खोलीचा, सपाट तळाचा खड्डा करावा. त्यानंतरची पायरी या सगळ्या कामाचा प्राण आहे : खड्ड्याच्या भिंतीच्या पायथ्याशी छिन्नी तिरकी धरून भिंत आतून पोखरायची, म्हणजे खड्डा वर अरुंद आणि तळाशी रुंद होतो. सुताराचा डव्हटेल जोड जसा पाचरीच्या आकारामुळे सुटत नाही, तशीच चांदी येथे अडकून राहते. धातू सांधण्याचा डाख किंवा गोंद काहीही लागत नाही.

चांदीची चकती खड्ड्याच्या तोंडातून जेमतेम आत जाईल एवढी कापावी. अंधूक गुलाबी दिसेपर्यंत तापवून पाण्यात सोडावी, म्हणजे ती लोण्यासारखी नरम होते. चकती १ मिलिमीटर जाड आणि खड्डा ०.७, त्यामुळे ती थोडी वर राहते, आणि तीच उरलेली चांदी आता खाली-बाजूंना सरकवायची आहे. बोथट ठोकणीने आधी मध्यावर थोडे ठोकून चकती तळाला टेकवावी, मग कडेने गोल फिरत, प्रत्येक फेरीत थोडा जोर वाढवत ठोकावे. चांदी पोखरलेल्या भिंतीत शिरते तेव्हा ठोक्याचा आवाज बदलतो, पोकळ टकटक जाऊन भरीव, बसका आवाज येतो. तो आवाज सगळीकडून सारखा येईपर्यंत थांबू नये. कडेला केसाएवढी फट राहिली तर भोवतालचे तांबे हलकेच चांदीकडे ठोकून ती मिटवता येते. मग बारीक कानस, तिच्यामागून पाण्यातला घासकागद ४००, ६०० आणि १००० क्रमांकाचा. बोट फिरवल्यावर दोन धातूंमधली सीमा जाणवली नाही की चंद्र बसला.

फिरते बफ येथे वापरू नये. ते नरम चांदीला जास्त खाते, चंद्र खोलगट होतो आणि कडा वितळल्यासारख्या दिसतात.

गवत कोरणे

पृष्ठभाग पूर्ण गुळगुळीत झाल्यावरच गवत कोरावे, कारण नंतर घासले तर रेघांच्या तीक्ष्ण कडा जातात. सर्व पात्यांची उभी भिंत एकाच बाजूला, समजा डावीकडे, असावी. एखादे पाते उलटे कोरले गेले तर उजेडात ते एकटेच खड्ड्यासारखे दिसते. पाती मुळाकडून टोकाकडे कोरावीत. जे पाते चंद्रावरून जाते ते तांब्यातून चांदीत शिरताना छिन्नी एकाएकी वेगाने पुढे जाते, कारण चांदी नरम आहे. त्या जागेच्या एक मिलिमीटर आधी ठोके हलके करावेत. तांब्यातून चांदीवर आणि पुन्हा तांब्यात अखंड गेलेले एक पाते ही या पाटीतली सर्वांत अवघड रेघ आहे, आणि ती सरावाच्या पत्र्यावर तुकडा बसवून दोन-चारदा करून पाहणे शहाणपणाचे.

सुसुकीचे तुरे केबोरीने, अगदी थोडक्या रेघांत सुचवावेत. येथे नवशिक्याचा हात थांबत नाही आणि मोकळी जागा भरत सुटतो. सोमिनच्या कामांची छायाचित्रे पाहावीत, त्यांत रिकामा धातू कोरलेल्या धातूपेक्षा कितीतरी जास्त असतो. न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन संग्रहालय आणि बोस्टनचे ललित कला संग्रहालय यांच्या संकेतस्थळांवर तलवारसाजाची मोठमोठी छायाचित्रे पाहता येतात. क्योटोतले कियोमिझु सान्नेन्झाका संग्रहालय मेइजी काळातल्या (१८६८–१९१२) धातुकामासाठी प्रसिद्ध आहे. १८७६ मध्ये तलवारी बाळगण्यावर बंदी आली आणि साजाचे गिऱ्हाईक एका फटक्यात संपले. त्यानंतर हेच हात फुलदाण्या, धूपपात्रे आणि परदेशी प्रदर्शनांतल्या वस्तूंकडे वळले. कानो नात्सुओ (१८२८–१८९८) याने तर नव्या सरकारच्या नाण्यांचे ठसे कोरले आणि पुढे तोक्योच्या कलाशाळेत प्राध्यापक झाला. त्याच्या काताकिरीतली शिस्त आणि मोकळेपणा एकत्र पाहण्यासारखे आहेत.

नाव कोरायचे असेल तर ते आताच, रंगाच्या आधी, मागच्या बाजूला कोरावे. देवनागरी अक्षरांची शिरोरेघ केबोरीला सोपी जाते, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ मात्र घाम काढतात.

रंग बाहेर काढणे

पत्रा हलका गरम करून राळेतून सोडवावा आणि टर्पेंटाइनने राळ पुसून काढावी. जपानी कारागीर यानंतर पृष्ठभाग मऊ कोळशाच्या तुकड्याने, पाण्यात, अगदी हलक्या हाताने घासतात. बारीक कुटून चाळलेला कोळसा आणि मऊ ब्रश यांनीही काम भागते. त्यामुळे आरशासारखी चमक न येता एक शांत, मखमली पोत येते, आणि रंगही तिच्यावरच नीट चढतो. शेवटी खाण्याचा सोडा आणि पाणी यांनी तेलाचा अंश घालवावा. पाणी सर्वत्र सारखे पसरले, कोठेही थेंब गोळा झाले नाहीत, म्हणजे पत्रा स्वच्छ आहे. येथून पुढे त्याला उघडे बोट लावू नये, बोटाचा डाग रंगात कायमचा उमटतो.

या रंगप्रक्रियेला निइरो म्हणतात. परंपरेने १ लिटर पाण्यात रोकुशो, म्हणजे या कामासाठी तयार केलेला जंगाल (तांब्याचा हिरवा गंज), आणि मोरचूद प्रत्येकी सुमारे ३ ग्रॅम विरघळवतात. रोकुशो जपानी कलासाहित्याच्या दुकानांकडून मागवावा लागतो. भांडे तांब्याचे किंवा काचेचे असावे, लोखंड आणि ॲल्युमिनियम द्रावण बिघडवतात. पत्रा तांब्याच्या तारेने लटकवावा, म्हणजे तो तळाला टेकणार नाही. द्रावणात सोडण्याच्या अगदी आधी तो किसलेल्या दाइकोनच्या, म्हणजे पांढऱ्या मुळ्याच्या, पाण्यात बुडवून काढतात, त्यामुळे डाग न पडता रंग सारखा चढतो असा जुना अनुभव आहे. आपल्या बाजारातला ताजा पांढरा मुळा चालतो.

द्रावण मंद उकळत असावे आणि पत्रा सतत हलवत राहावा. पहिल्या काही मिनिटांत काही घडत नाही, आणि नेमक्या त्याच वेळी माणूस घाबरून पूड वाढवतो. तसे करू नये. हळूहळू तांबे गुलाबी, मग नारिंगी, मग विटकरी होते आणि चांदीचा चंद्र जागच्या जागी पांढरा राहतो. दर पाच मिनिटांनी बाहेर काढून, मुळ्याच्या पाण्यातून नेऊन पुन्हा सोडावा. अर्ध्या तासाच्या आसपास रंग मनासारखा झाला की साध्या पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपावा आणि कोमट असतानाच मधमाश्यांच्या मेणाचा अतिशय पातळ हात द्यावा. ठिपके पडले तर ते जवळजवळ नेहमी तेलाचे असतात. पुन्हा कोळशापासून सुरुवात करावी, कोरीवकामाला त्याने धोका नाही.

मोरचूद आणि जंगाल दोन्ही विषारी आहेत. ही भांडी पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नयेत, उकळताना वाफेवर वाकू नये, आणि वापरलेले द्रावण मोरीत किंवा झाडांच्या मुळाशी ओतू नये. ते झाकणाच्या बरणीत, चिठ्ठी लावून, मुलांच्या हाताबाहेर ठेवावे. ते पुन्हा वापरता येते.

पुढे शिकायचे असेल तर तोक्यो कला विद्यापीठात चोकिन, तानकिन आणि चूकिन यांचे वेगवेगळे विभाग आहेत, आणि कानाझावा शहरात, जेथे कागा-झोगान ही जडावाची परंपरा टिकून आहे, १९८९ मध्ये स्थापन झालेली उतात्सुयामा ही हस्तकला कार्यशाळा तरुण कारागिरांना घडवते. मात्र तेथपर्यंत जाण्याआधी अशा तीन-चार पाट्या झालेल्या असाव्यात.

तयार पाटी भिंतीवर लावण्याआधी घरातल्या सर्वांना एक गोष्ट स्पष्ट सांगून ठेवावी. तांब्याची वस्तू तपकिरी दिसली की ती चिंचेने किंवा लिंबू-मिठाने लख्ख करायची, हा आपल्या घरांतला फार जुना आणि एरवी योग्य शिरस्ता आहे, आणि दिवाळीच्या साफसफाईत तो हमखास आठवतो. पाटीला फक्त कोरडे, मऊ सुती कापड लावावे.